बायकोच्या हातचं

ताम्हिणीच्या रस्त्याला आता ढाबे झाले आहेत. 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी, पाटीखाली मुद्दाम सारवलेली चूल, आणि पुण्याहून आलेली मंडळी गाडीतून उतरून त्या चुलीपुढं उकिडवी बसून फोटो काढतात. मागच्या पावसाळ्यात सुनेनं मला तिथं नेलं. एका बाईनं लोखंडी फुंकणी उचलली, गाल फुगवून फुंकर मारली, राख तिच्याच तोंडावर उडाली आणि सगळे हसले. मग तिनं ती फुंकणी गदेसारखी धरली आणि नवऱ्याच्या पाठीत खोटीखोटी हाणली. नवरा "वाचवा, वाचवा" ओरडला. त्याचाही फोटो निघाला. सून म्हणाली, "आई, तुम्ही काहीच घेतलं नाहीत." मी म्हटलं, भूक मेली. त्या लोकांना काय सांगायचं? हसण्यावारी न्यायला फार अक्कल लागत नाही. आमचं अख्खं गाव त्या कामात तरबेज होतं, आणि गावातली निम्मी माणसं शाळेची पायरीही चढलेली नव्हती.

आमचं घर मुठा खोऱ्याच्या वरच्या अंगाला. पुढं ओटा, मधे माजघर, मागं चूल, आणि चुलीच्या भिंतीपलीकडं म्हशींचा गोठा. त्यामुळं आमच्या स्वयंपाकाला कायम शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. पावसाळ्यात चार महिने धूर घराबाहेर जायचा नाही. आम्ही त्यातच जेवायचो, त्यातच अभ्यास करायचो. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, आणि आबा, म्हणजे माझा बाप, ओढ्यावर गेला असेल तर खेकड्यांचं कालवण. खेकडे पाट्यावर ठेचून त्यांचं पाणी गाळून घ्यायचं, हे काम आबाचं. भाकरीसुद्धा आबाच थापायचा. हे गावाला ठाऊक नव्हतं. तो मागचं दार लावून घ्यायचा, कडी घालायचा आणि मगच पिठाला हात लावायचा. त्याच्या भाकरीला कड फुटत नसे. एरवी ओट्यावर बसून तो बांबूच्या कामट्या विणून इरली करायचा. शेतात वाकून लावणी करताना पाठीवर घ्यायची ती इरली, वर पळसाची पानं लावलेली. आसपासच्या वाड्यांवरची माणसं त्याच्याकडून इरली न्यायची. त्याची बोटं कामटीवर जशी चालत तशीच पिठावर चालत.

आई दुसऱ्याच मातीची. उंच, सडसडीत, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली म्हैस मान वर करील. दूध घालणं, भात विकणं, व्यापाऱ्याशी भांडणं, बैल पारखणं, सगळं ती करायची आणि फार चांगलं करायची. मी कॉलेजात गेले ती तिच्यामुळं. "माज्या पोरीला शेण काढाया जन्माला घातली न्हाई," असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे तिची बाजू मांडायला कुणाला धावत यायला नको. ती कर्तबगार होती आणि ती माझ्या बापाला मारायची. दोन्ही खरं. का मारायची, याची कारणं शोधून देणारे मला आयुष्यभर भेटले. नवरा मऊ होता, तिच्या योग्यतेचा नव्हता, तिचा जीव कोंडला होता. हीच माणसं शेजारचा नवरा दारू पिऊन बायकोला बडवतो तेव्हाही कारणंच शोधतात. कारणं शोधणाऱ्यांचा धंदा कधी बसत नाही.

फुंकणीला दोन आवाज असतात. एक फुंकरीचा, पोकळ, लांबलचक. दुसरा आखूड आणि भरीव. मी माजघरात पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि पहिला आवाज थांबला की माझं बोट ओळीवर थांबायचं. दुसरा आला नाही तर पुढं वाचायचं. आला तर मधे काहीच ऐकू येत नसे, कारण आबा ओरडत नसे. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी कपाळाला हळद लावलेला आबा ओट्यावर दिसला की येणारा-जाणारा विचारणारच. "काय रं कोंडिबा, काय झालं?" आबा म्हणायचा, "पडलो." बांधावरून पडलो, गोठ्यात पडलो, शेवाळावर पाय घसरला. आमच्याकडं पाऊस इतका की पडणं काही नवलाचं नाही, पण उन्हाळ्यातसुद्धा पडणारा माणूस गावात एकच. गावानं त्याचं नाव ठेवलं 'पडीक'. न कसलेल्या जमिनीला म्हणतात ते. आणि पोलीस पाटलाला तर याहून मोठी गंमत सुचली होती. आमचा पोलीस पाटील म्हणजे गावात सरकारचा माणूस, भांडणतंटा वर कळवायची जबाबदारी त्याची. तो रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या ओट्यावरून जाताना मिशीतून विचारायचा, "काय पडीक, आज काय खाल्लं?" आणि बरोबरचे चौघं एका सुरात म्हणायचे, "बायकोच्या हातचं!" मग हशा. आबाही हसायचा. मराठीत मार खातात आणि भाकरीही खातात, या एवढ्याशा गोष्टीवर त्या लोकांनी वर्षानुवर्षं करमणूक करून घेतली. बैलाला चाबूक जास्त बसला तर हळहळणारी ही माणसं.

मी पुण्याला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहू लागले, शनिवारी एसटीनं घरी यायचे. माझा धाकटा भाऊ बाळू तेव्हा सहा वर्षांचा. त्याच्या हातून एकदा दुधाची चरवी कलंडली. आईनं चुलीतलीच फुंकणी उचलली. फुंकणीचं निखाऱ्याकडचं टोक लालभडक असतं. ते बाळूच्या दंडाला लागलं. ती दुसऱ्यांदा हात उचलत होती तेव्हा आबानं उठून तिचं मनगट धरलं. नुसतं धरलं. फुंकणी खाली पडेपर्यंत सोडलं नाही.

त्या एका मनगटावरून गाव पेटलं! इतकी वर्षं आबाच्या कपाळाला हसणाऱ्या गावाला एकाएकी न्याय आठवला. कोंडिबानं बाईमाणसाच्या अंगावर हात टाकला. आईचा भाऊ, आमचा रामामामा, चार माणसं घेऊन आला. देवळात बैठक बसली. आईच्या मनगटावरचा बोटांचा ठसा सगळ्यांनी वाकून वाकून पाहिला. बाळूच्या दंडावरचा फोड त्याच्या सदऱ्याखाली होता, आणि सदरा कुणी वर केला नाही. पाटलानं विचारलं, "कोंडिबा, तुजं काय म्हननं?" आबा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काय न्हाई. पडलो." देवळाचं छत उडेल असं लोक हसले. मग हसू पुसून त्यांनी निकाल दिला, की आई माहेरी जाईल, पोरगं आईबरोबर जाईल, आणि कोंडिबानं मामाच्या पाया पडावं. आबा पडला. तेवढं खरंच पडला.

मी शनिवारी पोचले तर घरात फक्त आबा आणि म्हशी. बाळूचं लहानसं इरलं खुंटीला होतं. आबानं माझ्यापुढं भाकरी ठेवली. तो स्वतः जेवला नाही. "सुमे," तो म्हणाला, "त्याला तितं कोन धरंल? मी हितं हाय. मधी कोन पडंल?" माझ्या बापानं स्वतःसाठी जन्मात काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, की मधे पडायला मिळावं.

मी आधी पाटलाकडं गेले. त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला, 'कॉलेजात जानारी आमची पोर' म्हणून कौतुक केलं आणि मग म्हणाला, "आगं, वर काय कळवू? नवऱ्याला बायको मारती म्हनून? चौकीतला शिपाई हसून हसून मरंल. त्याचा खून माज्या माथी." मी म्हटलं, "पाटील, बाळूला डागलंय." तो म्हणाला, "आई हाय ती. आईनं न्हाई मारायचं तर मग कुनी?" त्याचा चहा मी तसाच ठेवला. आमच्याकडं चहा तसाच ठेवून उठणं म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळतं.

पुण्यात बायकांना मदत करणारं एक केंद्र तेव्हा नुकतं निघालं होतं. एका गल्लीतली एक खोली, एक बाकडं. मी आबाला तिथं घेऊन गेले. बाकड्यावर बसलेल्या बायका त्याला पाहून आक्रसल्या. त्यांना वाटलं, कुणाचा तरी नवरा माग काढत आला. आबा ते ओळखून दाराबाहेर उकिडवा बसला. आतल्या बाईंनी माझं सगळं ऐकलं. त्या हसल्या नाहीत, एवढ्यावरच मी त्यांना जन्मभर मानते. "आमच्याकडं याच्या उलट येतात," त्या म्हणाल्या. "आमच्या हातात काही नाही. पण आठल्येबाईंकडं जा. त्या वकील आहेत, कुणाचंही ऐकून घेतात."

आठल्येबाई म्हणजे पांढरं पातळ, जाड काचांचा चष्मा आणि बोलणं सुरीसारखं. आबाच्या कपाळावरच्या वणाकडं बघून त्यांनी विचारलं, "हे काय?" आबा म्हणाला, "पडलो." बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझ्याकडं येणाऱ्या सगळ्या बायका आधी पडलेल्याच असतात. न्हाणीत पडतात, जिन्यात पडतात, विहिरीवर पडतात. या शहराइतकी घसरडी जागा जगात नसेल. तुम्ही पहिलेच पुरुष पडलेले. आता उठा आणि नीट सांगा."

आबानं मान खाली घातली. मीच सांगितलं. बाई म्हणाल्या, "मुलगा मिळेल की नाही, मी शब्द देत नाही. मूल लहान आहे, कोर्ट आईकडं झुकतं. तिची माणसं म्हणणार, नवराच मारकुटा. तुमच्या गावचा एक माणूस साक्षीला येणार नाही. तेव्हा जे झालं ते यांनी स्वतः, स्वतःच्या तोंडानं बोलायला पाहिजे. मी यांच्या तोंडात शब्द घालू शकत नाही." मग त्यांनी आबाला एक वाक्य म्हणायला लावलं: बायकोनं मला मारहाण केली. आबानं तोंड उघडलं आणि मिटलं. एसटीत मी त्याच्याकडून ते घोकून घेऊ लागले. तो खिडकीबाहेर बघायचा. निम्मा रस्ता सरला तरी त्याच्या तोंडातून 'बायकोनं' याच्या पुढं काही निघालं नाही.

परवा-परवा एक तरुण मला भेटायला आला होता. बायकांनी छळलेल्या पुरुषांसाठी काम करतो म्हणाला. कुठून तरी त्याला माझ्या बापाची हकिकत कळली होती. मी त्यांच्या सभेत बोलावं अशी त्याची इच्छा. मी त्याला बसवलं, कारण त्या कामाची गरज मला कुणी समजावून द्यायला नको. पण बोलता बोलता तो बायकांच्या जातीवर घसरला. सगळ्या तसल्याच, कायदे त्यांनीच बिघडवले, वगैरे. मी विचारलं, "माझ्या बापाला वकील कोण मिळाली, ठाऊक आहे? तिचा पत्ता कुणी दिला? बाईनं. हसलं कोण? गावचे बाप्ये." तो म्हणाला, "ते अपवाद हो." मी म्हटलं, "मग तुला माझा बाप नको आहे. तुला दांडकं पाहिजे. दुसरीकडं बघ." गेला. जाताना पाया पडला, संस्कार चांगले होते.

कोर्टातला दिवस. आबानं धुतलेलं धोतर, नवी टोपी. समोरच्या बाकावर आई, तिच्या शेजारी मामा, मामाच्या मांडीवर बाळू. बाळू आबाकडं बघून हसला नाही, रडला नाही. शिकवून आणलेलं पोर बसतं तसा बसला होता. आमच्या मागं पाटील आणि त्याचे चौघं, मामाच्या बाजूनं साक्ष द्यायला आलेले. जज्ज वयस्क, शहरातले, बोलायला सौम्य. साक्षीदार मराठीत बोलायचा आणि ते इंग्रजीत सांगायचे, शेजारचा माणूस टंकून घ्यायचा.

आठल्येबाईंनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी पडत..." आबानं सुरुवात केली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. आबानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "बायकोच्या हातचं खाल्लं, सायेब. लई वर्सं खाल्लं. पोरानं खाऊ नये, येवढंच म्हननं हाय."

या गोष्टीसाठी गावानं त्याला एवढीच भाषा दिली होती. तीच त्यानं वापरली. जज्जसाहेबांनी मान हलवली आणि इंग्रजीत सांगायला लागले. माझ्या सात पिढ्यांत इंग्रजी येणारी मी पहिली, आणि त्या इंग्रजीचा मला पहिला उपयोग झाला तो हा. नवरा पुष्कळ वर्षं पत्नीनं शिजवलेलं अन्न खात आला आहे, आणि मुलानं ते खाऊ नये अशी त्याची इच्छा आहे! मग साहेबांनी खरंच काळजीनं विचारलं, "का? स्वयंपाकात काही दोष आहे का?"

मागच्या बाकावर पाटील तोंडात उपरणं कोंबून हसत होता. त्याला सगळं कळलं होतं, शब्द त्याचाच होता. मामा हसला. आईचा वकील उठला, "साहेब, म्हणजे मारहाण वगैरे काही नाही, तक्रार स्वयंपाकाची आहे. माणूस शेवटपर्यंत बायकोच्या हातचं गोडीनं जेवत होता, हे त्याच्याच तोंडून आलं." आई तेवढी हसली नाही. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

मी पुढं वाकून बाईंच्या कानात सांगितलं, "अन्न नाही, मार. इंग्रजीत अन्न उतरलं." बाई ताडकन उठल्या. "साक्षीदाराचा शब्द नीट उतरलेला नाही." जज्ज म्हणाले, "मग साक्षीदारानंच नीट सांगावा." बाई आबाकडं वळल्या. "कोंडिबा, काय खाल्लं?"

गाव रोज विचारायचं तोच प्रश्न. आबानं आईकडं बघितलं, तिनं वर पाहिलं नाही. मग त्यानं बाळूकडं बघितलं. बाळू दंड खाजवत होता.

"मार," आबा म्हणाला.

"मोठ्यानं सांगा."

"मार खाल्ला, सायेब. हिच्या हातचा. फुंकनीचा. मी कदी पडलो बिडलो न्हाई, डोंगरात जन्म गेला माजा, मी कशाला पडतोय? त्या पोराला डागलं तवा मी हिचा हात धरला. येवढा एकच गुन्हा माजा." आणि आईच्या वकिलाकडं वळून, "आन् जेवनाचं म्हनाल, तर भाकरी मीच करतो. पयल्यापासनं. हिच्या हातची भाकरी कदी खाल्ली ती मला आठवत न्हाई."

कोर्टात हशा पिकला. माराला कुणी हसलं नव्हतं, भाकरीला हसले. पुरुषमाणूस भाकरी थापतो! मागून पाटलाचा आवाज आला, "खोटं बोलतोय, सायेब!" मार त्याला ठाऊक होता. भाकरी ठाऊक नव्हती, आणि नेमकं तेच त्याला खोटं वाटलं. जज्ज हसले नाहीत. त्यांनी पाटलाला बाहेर जायला सांगितलं आणि बाळूचा सदरा वर करायला लावला. त्या सदऱ्याला हात लावणारं पहिलं माणूस म्हणजे तो कोर्टातला शिपाई.

आईची पाळी आली तेव्हा साहेबांनी तिला पहिलं तेच विचारलं, "भाकरी कोण करतं?" मामा डोळ्यांनी खुणावत होता. मानीपणा हा आमच्या घराण्यात आईकडून आला. ती खोटं बोलली नाही. "त्यो करतो," म्हणाली. "मला कदी गोल आली न्हाई." मग मान ताठ करून, "बाकीचंबी त्यो म्हनला तसंच हाय." मामानं कपाळाला हात लावला.

निकाल यायला बराच काळ गेला, पण बाळू आबाकडं आला. आईनं त्याला भेटावं, असंही त्यात होतं. ती भेटायची. येताना खाऊ आणायची, ओट्यावर बसायची, चुलीकडं जायची नाही. माहेरी तिनं दुधाचा मोठा व्याप उभा केला. तिच्या शेवटच्या आजारात तिला भरवायला मी होते. दुधात कुस्करलेली भाकरी होती, आबानं पाठवलेली.

बाळू घरी आला त्या संध्याकाळी मी घरात होते. आबानं चूल पेटवली. फुंकणी त्यानं केव्हाच ओढ्यात टाकली होती. तो वाकून नुसत्या तोंडानं फुंकत होता, डोळ्यांत धूर जात होता. जाळ झाला. मी सवयीनं मागच्या दाराला कडी घालायला उठले.

"राहू दे," आबा म्हणाला. उठून त्यानं पुढचंही दार सताड उघडलं, परात उचलून उंबऱ्याजवळ आणली, आणि रस्त्यावरून दिसेल असा बसून भाकरी थापायला लागला. थप, थप, थप. तो आवाज पार देवळापर्यंत जात असणार. बाळू त्याच्या गुडघ्याला टेकून बसला होता. पाटील त्याच्या चौघांबरोबर नेहमीच्या वेळी आला. ओट्यापुढं त्याचा पाय अडला. सवय कुठं जाते? तो म्हणाला, "काय कोंडिबा, आज कुनाच्या हातचं?"

"माज्या," आबा म्हणाला. हात थांबला नाही. "या की पाटील, बसा. चार घास खाऊन जावा."

पाटलानं बरोबरच्या चौघांकडं बघितलं. चौघांनी एकमेकांकडं बघितलं. हसायला कुणीतरी सुरुवात करावी लागते, आणि ती कुणी केली नाही. पाटील म्हणाला, "न्हाई, घरी भाकरी झाली आसंल." आणि चालता झाला. आबानं आत चुलीपाशी जाऊन तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगली. पहिला तुकडा त्यानं बाळूला दिला.